लसीची तारीख आणि ईमेलची यादी: पेट क्लिनिक, ग्रूमिंग आणि बोर्डिंगवाल्यांसाठी सविस्तर मार्गदर्शक

कुत्र्या-मांजरांच्या व्यवसायात ग्राहकाला परत बोलावण्यासाठी निमित्त शोधत बसावं लागत नाही. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की पहिली लस, मग बूस्टर (त्याच लसीचा पुढचा डोस), तीन महिन्यांचं झालं की रेबीज, ठरावीक अंतराने जंताचं औषध, पावसाळ्यात गोचीड, मे महिन्यात आणि गणपतीत बोर्डिंग, दिवाळीत फटाके. प्रत्येक गोष्टीला तारीख आहे. ती मालकाच्या लक्षात राहत नाही आणि लसीचं कार्ड कपाटातल्या कुठल्या तरी फाइलीत पडलेलं असतं. ती तारीख वेळेवर आठवून देणं हेच या व्यवसायातलं खरं ईमेल मार्केटिंग आहे, असं माझं ठाम मत आहे. सवलतींच्या मेलचा नंबर त्यानंतर लागतो.

एक-दोन डॉक्टरांचं क्लिनिक, तीन-चार माणसांचं ग्रूमिंग सेंटर, घरगुती बोर्डिंग, गल्लीतलं पेट शॉप अशांना डोळ्यांसमोर ठेवून पुढच्या पायऱ्या लिहिल्या आहेत. वेगळा मार्केटिंगचा माणूस न ठेवता, आठवड्याला दोन-तीन तास काढून हे सगळं जमतं.

व्हॉट्सॲप असताना मेल कशाला?

हा प्रश्न पहिला येतो आणि तो रास्त आहे. व्हॉट्सॲपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. पोचला तरी सोसायटीच्या ग्रुपखाली, शुभेच्छांखाली संध्याकाळपर्यंत गाडला जातो. त्यामुळे कामाची वाटणी करून टाका. आज-उद्याची गोष्ट, म्हणजे 'ब्रूनोची आंघोळ झाली, न्यायला या' किंवा 'उद्या डॉक्टर नाहीत', ही व्हॉट्सॲपवर किंवा फोनवर. जपून ठेवायची आणि पुन्हा शोधावी लागणारी गोष्ट मेलवर. लसींची नोंद, बिल, ऑपरेशननंतरची काळजी, बोर्डिंगचे नियम, दिवाळीआधीच्या सूचना ही सगळी मेलची कामं. गाव बदललं, फोन बदलला, तरी मेलमध्ये शोधलं की सापडतं.

आणखी एक कारण आपल्याकडे हमखास दिसतं. कुत्रा आणि आई-वडील साताऱ्यात, मुलगी बंगळूरला किंवा न्यू जर्सीत. बिल ती भरते, डॉक्टरांना प्रश्नही तीच विचारते. अशा घरात एका प्राण्यामागे दोन ईमेल घ्या. दोघांना एकच मेल गेली की लस कधीची होती यावरून फोनाफोनी होत नाही.

पहिली पायरी: वही नीट करा

सगळ्यात जास्त वेळ इथेच द्या. वही म्हणजे एक्सेल किंवा गूगल शीट. एक ओळ एका प्राण्याची, मालकाची नव्हे. मालकाचं नाव, फोन, ईमेल, दुसरा ईमेल. मग प्राण्याचं नाव, कुत्रा की मांजर, जात, नर की मादी, जन्मतारीख (अंदाजे असली तरी चालेल). मग रेबीज, इतर लसी, जंताचं औषध आणि गोचिडीचं औषध या प्रत्येकाची पुढची तारीख. शेवटी मालकाला मेल कोणत्या भाषेत हवी, संमती कधी घेतली, आणि 'स्थिती' नावाचा एक रकाना. या शेवटच्या रकान्याविषयी पुढे लिहितोच आहे.

पुढची तारीख सॉफ्टवेअरने हिशेब करून काढलेली नको, डॉक्टरांनी कार्डावर लिहिलेली हवी. लसीनुसार, वयानुसार, आजारपणानुसार ती बदलते. ग्रूमिंगवाल्यांनी आणि बोर्डिंगवाल्यांनीही कार्डाचा फोटो घेऊन त्यावरचीच तारीख उतरवावी.

मेल पाठवायची बहुतेक साधनं ईमेल पत्त्यावरून माणूस ओळखतात. ब्रेवो, मेलचिंप, झोहो कॅम्पेन्स, मेलरलाइट, कोणतंही घ्या, एक पत्ता म्हणजे एक नोंद. घरात दोन कुत्रे असले आणि तुम्ही दोन ओळी चढवल्या, तर दुसरी ओळ पहिलीवर बसते आणि एका कुत्र्याची लस यादीतून गायब होते. यावर साधा उपाय असा की मूळ वही स्वतःच्या शीटमध्ये ठेवायची आणि साधनात 'प्राणी १', 'प्राणी २' असे वेगळे रकाने करायचे. ग्राहक दोन-तीनशेच असतील तर त्याहून सोपं म्हणजे दर सोमवारी शीटमध्ये येत्या दोन आठवड्यांच्या तारखा गाळून तेवढ्याच मेल पाठवायच्या.

मराठीत मेल पाठवणार असाल तर प्राण्याचं नाव देवनागरीत लिहिलेला रकाना हवाच. साधन नाव आपोआप भरतं, पण प्रत्यय तुम्ही लिहिता. रोमन लिपीतल्या नावाला 'ची' चिकटवलं की ते वाईट दिसतं. 'ब्रूनोची', 'राणीची', 'टायगरची' हे नीट दिसतं. नर-मादीची चूक तर मालकाला फारच लागते. 'शेरू आता एक वर्षाचा झाला' हे वाक्य सगळ्यांना एकदम पाठवलं की कुणाची तरी राणी 'झाला' होते. एक तर लिंगाच्या रकान्यावरून दोन मजकूर करा, नाही तर वाक्य असं लिहा की लिंग येणारच नाही: 'राणीची लस १२ जूनपर्यंत घ्यायची आहे.'

दुसरी पायरी: संमती घ्या, आणि पत्ता समोरच तपासा

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. ग्राहकाची माहिती कशासाठी घेतो हे स्पष्ट सांगून संमती घ्यायची आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं ठेवायचं, हे त्याचं सूत्र आहे. काउंटरवरच्या फॉर्मवर दोन वेगळ्या ओळी छापा:

'लस, जंताचं औषध आणि पुढच्या भेटीची आठवण ईमेलने पाठवा. हो / नको'
'नवीन सेवा आणि सवलतींची माहिती ईमेलने पाठवा. हो / नको'

दोन्हींवर आधीच खूण करून ठेवू नका. पहिलीला 'हो' म्हणणारे बरेच असतात, दुसरीला कमी. दुसरीला 'नको' म्हणणारा ग्राहक गमावलेला नसतो, त्याला फक्त लसीची आठवण हवी आहे.

हाताने लिहिलेला पत्ता वाचताना चुका होतात. म्हणून ग्राहक काउंटरवर उभा असतानाच पहिली मेल पाठवा. त्यात त्या दिवशी दिलेल्या लसीची नोंद, पुढची तारीख आणि कार्डाचा फोटो असू द्या. 'आली का बघा' एवढंच विचारा. पत्ता तिथल्या तिथे तपासला जातो आणि तुमची मेल उपयोगाची असते हे ग्राहकाला पहिल्याच दिवशी कळतं.

विकत मिळणाऱ्या याद्या, डॉग शोमध्ये कुणीतरी गोळा केलेले पत्ते, सोसायटीच्या ग्रुपमधून उचललेले पत्ते, यांना हात लावू नका. त्या लोकांनी तुम्हाला पत्ता दिलेला नाही.

तिसरी पायरी: स्वतःचं डोमेन

जीमेलच्या मोफत खात्यावरून यादीला मेल पाठवणं आता चालण्यासारखं राहिलेलं नाही. त्या खात्यावरून दिवसाला ५०० जणांची मर्यादा आहेच. त्याशिवाय फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने नियम कडक केले. पाठवणाऱ्याची ओळख पटली पाहिजे, तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहिलं पाहिजे, म्हणजे हजारात तीन जणांनीही 'स्पॅम' दाबलं तरी अडचण. रोज ५,००० हून जास्त मेल पाठवणाऱ्यांना एका टिचकीत यादीतून बाहेर पडायची सोयही द्यावी लागते. तुम्ही इतक्या पाठवणार नाही, तरी ती सोय द्याच.

व्यवसायाच्या नावाचं डोमेन (ईमेल पत्त्यात @ नंतर येणारं स्वतःचं नाव) घ्या आणि त्यावर तीन नोंदी करा. एसपीएफ सांगतं की या डोमेनच्या नावाने कोणता सर्व्हर मेल पाठवू शकतो. डीकेआयएम प्रत्येक मेलवर सही करतं. डीमार्क सांगतं की या तपासणीत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं. तिन्हींचा मजकूर मेलचं साधन तयार करून देतं, तो डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएसच्या (डोमेनच्या नोंदींच्या) पानावर चिकटवायचा. वेबसाइट करून देणाऱ्याला सांगितलंत तर अर्ध्या तासात होतं. मग स्वतःच्या जीमेलवर एक मेल पाठवा, मेलच्या मेनूतून मूळ संदेश उघडा आणि तिन्हींसमोर 'पास' आहे का ते पाहा. हे होईपर्यंत यादीला एकही मेल पाठवू नका.

जुनी दोन हजारांची यादी असेल तर पहिल्याच दिवशी सगळ्यांना पाठवू नका. गेल्या सहा महिन्यांत आलेल्यांपासून सुरुवात करा आणि मग मागे मागे जा.

चौथी पायरी: तारखेच्या मेल

लसीच्या आठवणीची मेल कशी असावी, हे पूर्णच देतो.

विषय: ब्रूनोची रेबीजची लस, १२ जूनपर्यंत

'नमस्कार स्मिताताई,
ब्रूनोला मागच्या वर्षी १२ जूनला रेबीजची लस दिली होती. यंदाची लस १२ जूनपर्यंत घ्यायची आहे. सोमवार ते शनिवार सकाळी १० ते १ आणि संध्याकाळी ५ ते ८ या वेळात या. येताना लसीचं कार्ड आणा.
ब्रूनोला ताप, उलट्या किंवा जुलाब असतील तर आधी फोन करा. लस पुढे ढकलायची का ते डॉक्टर सांगतील.
लस दुसरीकडे घेतली असेल तर या मेलला उत्तर म्हणून फक्त तारीख कळवा. आम्ही नोंद करून ठेवू.'

खाली फोन नंबर, पत्ता, नकाशाची लिंक आणि यादीतून बाहेर पडायची लिंक. बस. यात सवलत नाही, शाम्पूची जाहिरात नाही. शेवटची ओळ मात्र काढू नका. लस दुसरीकडे झालेली असताना आठवणी येत राहिल्या की माणूस वैतागून 'स्पॅम' दाबतो. या ओळीमुळे तो उत्तर देतो आणि तुमची वही खरी राहते. अर्थात उत्तर वाचणारं कुणीतरी हवं. 'या पत्त्यावर उत्तर देऊ नका' असली मेल या व्यवसायात शोभत नाही.

ही मेल तारखेच्या दोन आठवडे आधी एकदा आणि तीन दिवस आधी एकदा. त्यानंतर आठवडाभरात आले नाहीत तर फोन करा. तिसरी मेल पाठवून काही होत नाही.

नवीन पिल्लू आलं की पहिल्या सहा महिन्यांची मालिका आधीच लिहून ठेवता येते. या काळात मालकाला रोज नवा प्रश्न पडतो आणि तो मेल अक्षर अन् अक्षर वाचतो. पहिल्या लसीनंतर दोन-तीन दिवसांनी: बूस्टर पूर्ण होईपर्यंत मैदानात, अनोळखी कुत्र्यांत का न्यायचं नाही, पार्वो (पिल्लांचा जीवघेणा संसर्ग) म्हणजे काय, उलट्या आणि रक्ताचे जुलाब दिसले तर त्याच दिवशी का आणायचं. मग जंताचं औषध. साधारण तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, पुढे दर तीन महिन्यांनी असा क्रम असतो. तुमच्या डॉक्टरांचा वेगळा असेल तर तो लिहा. चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडायला लागतात, तेव्हा चपला आणि सोफा का कुरतडला जातोय आणि त्याऐवजी चावायला काय द्यायचं, ही मेल. पाचव्या-सहाव्या महिन्यात नसबंदीविषयी डॉक्टरांशी बोलून ठरवा असं सांगणारी मेल. एका मेलमध्ये एकच विषय. औषधाचं प्रमाण मेलमध्ये कधीही लिहू नका, ते वजन पाहून डॉक्टरांनीच सांगायचं.

कुत्रा आणि मांजर यांची यादी वेगळी ठेवणं ही सोयीची नव्हे, जिवाची गोष्ट आहे. कुत्र्यांच्या काही गोचीडनाशक औषधांत परमेथ्रिन असतं आणि ते मांजराला विषारी असतं. 'गोचिडीच्या औषधावर सूट' ही मेल मांजरवाल्या घरी गेली आणि त्यांनी ते औषध माऊला लावलं, तर परिणाम भयंकर होतात. ज्या घरी दोन्ही आहेत तिथे ही सूचना मेलमध्येच ठळक लिहा. मांजरवाल्यांसाठी एक वेगळी मेल वर्षातून एकदा जरूर पाठवा: पॅरासिटामॉलची साधी गोळीही मांजराचा जीव घेते, आणि घरातच राहणाऱ्या मांजरालाही रेबीजची लस लागते. ही माहिती नसलेली कितीतरी घरं आहेत.

पाचवी पायरी: आपल्या वर्षाचं वेळापत्रक

ऋतूंच्या आणि सणांच्या मेल वर्षाला सात-आठ पुरतात. त्या कधी पाठवायच्या हे सणाच्या तारखेवर ठरत नाही, त्याआधी मालकाला किती दिवस तयारी करावी लागते यावर ठरतं.

लेप्टोस्पायरोसिस हा पावसाळ्यातला, साचलेल्या पाण्यातून आणि उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार. मुंबई-कोकणात तो माणसांनाही होतो. त्याची लस पहिल्यांदाच घेणाऱ्या कुत्र्याला काही आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो असं धरलं, तर ही मेल एप्रिलच्या शेवटी गेली पाहिजे. जूनमध्ये पाठवली तर उशीर झाला. गोचिडीची मेल मेच्या अखेरीस. तीत पंजांच्या बेचक्यात, कानांच्या आत, पट्ट्याखाली कसं बघायचं याचा एक फोटो द्या आणि ताप, जेवण सोडणं, नाकातून रक्त येणं यातलं काही दिसलं तर थांबू नका, हे लिहा.

बोर्डिंगवाल्यांची खरी कमाई मे महिना, गणपती आणि दिवाळीची. मेच्या सुट्टीची मेल मार्चमध्ये, कारण रेल्वेची तिकिटं लोक त्याच सुमाराला काढतात. गणपतीत गावी जाणाऱ्या मुंबईकरांची तिकिटंही साधारण दोन महिने आधी, आरक्षण उघडताच निघतात. त्यांना मेल जूनमध्येच पाठवा. या मेलमध्ये दर आणि जागेचे फोटो असतातच, पण आणखी एक वाक्य टाका: 'रेबीज आणि इतर लसी पूर्ण असल्याशिवाय आम्ही प्रवेश देत नाही, तुमच्या कार्डावरची तारीख आजच बघा.' नाही तर निघायच्या आदल्या दिवशी लस घेऊन लोक दारात उभे राहतात.

दिवाळीची मेल वसुबारसेच्या तीन आठवडे आधी. फटाक्यांना घाबरणाऱ्या कुत्र्याला डॉक्टर काही वेळा औषध देतात, पण त्यासाठी आधी तपासणी लागते आणि ऐनवेळी ते जमत नाही. आवाज कमी येणारी खोली, बंद खिडक्या, संध्याकाळचं फिरणं अंधार पडण्याआधी, गळ्यात मालकाचा नंबर असलेला बिल्ला. घाबरून पळालेली कुत्री याच दिवसांत हरवतात. ही मेल पाठवताना काही विकू नका. ती ग्राहक स्वतःहून इतरांना पाठवतात.

२८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. लुई पाश्चरचं निधन १८९५ साली याच तारखेला झालं आणि २००७ पासून हा दिवस पाळला जातो. ज्यांची रेबीजची तारीख उलटून गेली आहे अशांची यादी काढून त्यांनाच त्या दिवशी मेल पाठवा. ज्यांची लस झालेली आहे त्यांना उगाच नको.

उन्हाळ्याची मेल मार्चच्या मध्यावर: दुपारी फिरवू नका, डांबर हाताने तपासा, पग आणि बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींना जास्त जपा. रंगपंचमीची दोन ओळींची पुरते.

क्लिनिकवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. पशुवैद्यकांना व्हेटर्नरी कौन्सिलची आचारसंहिता लागू असते, त्यामुळे उपचारांच्या जाहिराती करण्याऐवजी आठवण आणि माहिती एवढ्यावरच मेल ठेवा. सवलती हा ग्रूमिंग, बोर्डिंग आणि दुकानवाल्यांचा प्रांत.

सहावी पायरी: मेल दिसायला कशी असावी

आपल्याकडची सवय म्हणजे डीटीपीवाल्याकडून पत्रक करून घ्यायचं आणि त्याची जेपीजी सगळीकडे पाठवायची. मेलमध्ये ते करू नका. चित्र उघडलं नाही तर मेल कोरी दिसते, आणि त्यातला मजकूर नंतर शोधून सापडत नाही. पत्रकातला मजकूर कॉपी करून चिकटवायला गेलात आणि तो श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर ग्राहकाला अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, नव्याने टाइप करा.

मेलमधला मजकूर आणि टेम्प्लेटचा (तयार साच्याचा) कोड मिळून आकार १०२ केबीच्या वर गेला की जीमेल खालचा भाग कापतं, आणि यादीतून बाहेर पडायची लिंक नेमकी तिथेच असते. देवनागरीतलं एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेतं, रोमन अक्षर एक. सजावटीचं टेम्प्लेट आणि लांब मराठी मजकूर एकत्र आले की ही मर्यादा लवकर गाठली जाते. साधं टेम्प्लेट घ्या, एक फोटो ठेवा.

विषयाच्या ओळीत प्राण्याचं नाव आणि काम पहिल्या चार-पाच शब्दांत यायला हवं, कारण मोबाइलवर पुढचं कापलं जातं. पाठवणाऱ्याच्या नावात क्लिनिकबरोबर माणसाचं नाव असलं की लोक ओळखतात.

सातवी पायरी: प्राणी गेला तर

आता तो 'स्थिती'चा रकाना. कुत्रा बारा-चौदा वर्षं घरात राहतो. तो गेल्यावर महिन्याभराने 'राणीच्या वाढदिवसानिमित्त केकवर सूट' अशी मेल आली तर त्या घरात काय होतं हे सांगायला नको. म्हणून नियम करा की प्राणी गेल्याचं कळल्या क्षणी, ज्याने फोन घेतला त्यानेच शीट उघडून स्थिती बदलायची. 'संध्याकाळी करू' नाही. साधनात आधीच लावून ठेवलेल्या आपोआप जाणाऱ्या मेलही त्याच वेळी थांबवायच्या, कारण शीट बदलली म्हणून त्या थांबत नाहीत. घरात दुसरा प्राणी असेल तर त्याच्या मेल चालू ठेवायच्या, पण महिनाभर सवलतीचं काही पाठवायचं नाही.

शोकसंदेश आपोआप जाणाऱ्या मेलने कधीही पाठवू नका. डॉक्टरांनी फोन करावा, किंवा हाताने चार ओळी लिहाव्यात.

गंभीर आजारी प्राण्यांसाठीही हाच रकाना वापरा. मूत्रपिंडाच्या आजारावर उपचार चालू असलेल्या मांजराच्या मालकाला नव्या खाद्याची जाहिरात जाता कामा नये.

आठवी पायरी: मोजायचं काय

किती जणांनी मेल उघडली हा आकडा आता फारसा भरवशाचा नाही. ॲपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आपल्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची जी सोय आणली, तीमुळे न उघडलेली मेलही उघडल्यासारखी मोजली जाते. त्यामुळे मोजणी शीटवरच करा. या महिन्यात किती प्राण्यांची लस ठरलेली होती, त्यातले किती तारखेच्या आत आले, किती उशिरा आले, किती आलेच नाहीत. मेल सुरू करण्याआधीच्या वर्षाचा हाच हिशेब जुन्या रजिस्टरमधून काढून शेजारी ठेवा. बोर्डिंगवाल्यांनी मेची किती बुकिंग मार्चमध्येच झाली ते पाहावं. फोनवर बुकिंग घेताना 'मेल मिळाली होती का?' एवढं विचारून खूण करायला रिसेप्शनवर सांगा.

दर सहा महिन्यांनी यादी चाळा. परत आलेले पत्ते काढा आणि त्या ग्राहकांना फोन करून नवा पत्ता घ्या. वर्षभर उत्तर नाही, भेट नाही, अशांना एक साधी मेल पाठवा: 'मोती आता दुसऱ्या डॉक्टरांकडे असेल तर कळवा, आम्ही आठवण पाठवणं थांबवू. लसींची जुनी नोंद हवी असेल तर तीही पाठवू.' पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर नाव यादीतून काढा, पण नोंद शीटमध्ये राहू द्या. बदली होऊन गेलेली माणसं दोन-तीन वर्षांनी परत येतात आणि 'मोतीची शेवटची लस कधी झाली होती हो?' म्हणून तुम्हालाच फोन करतात.